गायक आणि बिनतारी मायक्रोफोन

गाणें हें मुळांत कंठाचें आणि कानाचें काम. देवळांतील कीर्तनकार असो, फडावरील शाहीर असो किंवा संगीत नाटकांतील नट असो, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोंचविण्याचें साधन शतकानुशतकें एकच होतें. तें म्हणजे छातींतला दम. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां, आणि पुढें बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या काळांतहि, मागच्या बाकावरच्या प्रेक्षकाला पद ऐकूं येई तें नटाच्या मोकळ्या गळ्याच्या बळावर. त्या गळ्याला वाद्यांची साथहि बेताची असे. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्यावर आवाज तरंगत राही.

आजच्या वाद्यवृंदाच्या गायकाची स्थिति वेगळी आहे. त्याच्या पाठीशीं ढोलांचा संच आणि विजेवर चालणाऱ्या गिटारी असतात. नुसत्या गळ्यानें त्यांच्यापुढें टिकाव धरणें शक्य नाहीं. म्हणून तो वीतभर लांबीचा एक दांडा हातांत घेऊन गातो. त्या दांड्याला तार नसते. तरी त्याचा हलका निःश्वाससुद्धां हजारों लोक ऐकतात. असा मायक्रोफोन निवडावयास वाद्यवृंदांतील मंडळी दुकानांत गेली, कीं त्यांच्यापुढें शब्दांची एक रास पडते. कार्डिऑइड, डायव्हर्सिटी, यूएचएफ, कंपँडर, डिजिटल! हे शब्द नुसत्या जाहिरातीचे नव्हेत. त्यांतील प्रत्येकामागें कोणा एका पिढीला पडलेली अडचण आहे आणि ती दूर करण्यासाठीं कोणीतरी केलेली खटपट आहे. ती हकीगत एकदां ध्यानांत आली, म्हणजे निवडीचें काम पुष्कळसें सोपें होतें.

मायक्रोफोन हा शब्द चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२७ सालींच योजिला होता. पण त्याचें उपकरण विजेचें नव्हतें. विजेच्या उपकरणाला तें नांव मिळालें तें १८७८ सालीं, डेव्हिड एडवर्ड ह्यूज याच्या प्रयोगांमुळें. ह्यूज हा लहानपणापासून हार्प हें तंतुवाद्य उत्तम वाजवीत असे, आणि ऐन तारुण्यांत तो अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत बार्ड्सटाउन येथील विद्यालयांत संगीताचा अध्यापक होता. १८५५ सालीं त्यानें अक्षरें छापणारें तारायंत्र तयार केलें. त्या यंत्रानें त्याला युरोपांत पैसा आणि कीर्ति दोन्ही मिळवून दिलीं. पुढें लंडनमध्यें प्रयोग करीत असतां त्याला असें आढळलें कीं, दोन खिळ्यांवर तिसरा खिळा आडवा आणि सैल ठेवून त्यांतून वीज सोडली, तर जवळच्या आवाजानें तो स्पर्श घट्ट-सैल होतो आणि विजेचा प्रवाह त्याच प्रमाणांत कमीजास्त होतो. खिळ्यांच्या जागीं कोळशाचे तुकडे योजतांच परिणाम पुष्कळ वाढला. माशी चालली तरी तिच्या पावलांचा आवाज टेलिफोनमध्यें ऐकूं येतो, या बातमीचें लोकांना मोठें कौतुक वाटलें. त्याच सुमारास अमेरिकेंत एडिसन आणि एमिल बर्लिनर हे याच दिशेनें काम करीत होते, आणि त्यांच्या हक्कांचे दावे पुढें न्यायालयांत गाजले. ह्यूजनें मात्र मायक्रोफोनचें पेटंट घेतलें नाहीं; आपला शोध त्यानें सर्वांना मोकळा ठेवला.

याच ह्यूजची दुसरी गोष्ट याहूनहि विलक्षण आहे. १८७९ सालीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, एका यंत्रांत विजेची ठिणगी पडली म्हणजे त्याच्याशीं तारेनें न जोडलेल्या टेलिफोनमध्येंहि बारीक आवाज उमटतो. घड्याळासारख्या चाकांवर आपोआप चालू-बंद होणारें एक यंत्र त्यानें घरीं ठेवलें, आणि ग्राहकयंत्र हातांत व टेलिफोन कानाशीं घेऊन तो ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालत निघाला. सुमारें ५०० यार्डांपर्यंत त्याला तो आवाज ऐकूं येत राहिला. १८८० च्या फेब्रुवारींत रॉयल सोसायटीचे श्रेष्ठ विद्वान हा प्रयोग पाहावयास आले. परंतु ही तर विजेच्या प्रवर्तनाची जुनीच गोष्ट आहे, असा अभिप्राय जॉर्ज स्टोक्स यांनीं दिला. ह्यूज हिरमुसला आणि त्यानें तो प्रयोग प्रसिद्धच केला नाहीं. १८८७-८८ सालीं जर्मनींत हर्ट्झनें विद्युल्लहरींचें अस्तित्व सिद्ध केलें आणि त्याचें श्रेय न्यायानें त्याला मिळालें. ह्यूजची हकीगत छापून आली ती १८९९ सालीं, त्याच्या मृत्यूच्या थोडेंच आधीं. मायक्रोफोन आणि बिनतारी लहरी या दोन्ही गोष्टी संगीताच्या एका माजी अध्यापकाच्या हातांत एका वर्षाच्या अंतरानें आल्या होत्या. पण दोहोंचा मिलाफ होऊन तें साधन रंगमंचावरील नटाच्या अंगावर चढण्यास पुढें सत्तर वर्षें लागलीं.

हीं सत्तर वर्षें वायां मात्र गेलीं नाहींत. कोळशाच्या मायक्रोफोनवर टेलिफोनचें काम भागलें, पण गाण्याचें भागेना. त्याची खरखर फार, आणि फार उंच व फार खोल स्वर त्यांत गळून जात. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत ध्वनिमुद्रण होत राहिलें तें कर्ण्यानेंच. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांनीं तबकड्या दिल्या त्या विजेच्या मदतीशिवाय, कर्ण्यासमोर गाऊन. १९१७ च्या सुमारास अमेरिकेंत ई. सी. वेंट यानें कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला. त्यांत कोळसा नव्हता; ताणून बसविलेला धातूचा अति पातळ पडदा आणि त्यामागें स्थिर पत्रा, एवढीच त्याची मुख्य रचना. आवाजानें पडदा हलला कीं दोहोंमधील अंतर बदले आणि त्याबरोबर विद्युत्संचयहि बदले. १९२५ पासून तबकड्यांचें मुद्रण मायक्रोफोननें होऊं लागलें. मुंबईंत २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, आणि आपल्याकडील गवयांनाहि या निर्जीव श्रोत्यापुढें बसून गाण्याचा सराव करावा लागला.

उघड्या सभेंत आवाज मोठा करण्याची विद्या तोंवर दुसऱ्या बाजूनें पुढें आली होती. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांच्या कॅलिफोर्नियांतील मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ध्वनिवर्धक कर्णे तयार केले होते. १९ सप्टेंबर १९१९ रोजीं सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं सुमारें ५०,००० लोकांपुढें केलेलें भाषण या कर्ण्यांतून ऐकविण्यांत आलें. वक्त्याला मिळालेली ही सोय गायकांनीं लवकरच उचलली. परंतु त्यांनीं तिचा उपयोग अगदीं उलट्या कामासाठीं केला. वक्त्याला आवाज मोठा हवा होता. या गायकांना तो लहान हवा होता.

१९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील रूडी व्हॅली आपल्या बारीक आवाजासाठीं हातांत कर्णा धरून गात असे. नभोवाणीचा मायक्रोफोन मिळतांच व्हॅली, बिंग क्रॉस्बी आणि त्यांच्या मागून आलेले गायक कानाशीं कुजबुजल्यासारखें गाऊं लागले. घरांत बसलेल्या श्रोत्याला वाटे, हें गाणें आपल्या एकट्यासाठींच आहे. जुन्या वळणाच्या लोकांना हा प्रकार असभ्य वाटला. १९३२ च्या जानेवारींत बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनीं या गायनाचा जाहीर धिक्कार केला. हा वाद वरवर नीतीचा असला, तरी त्याच्या तळाशीं एक खरी गोष्ट होती. मायक्रोफोननें आवाज नुसता मोठा केला नव्हता. गायक आणि श्रोता यांच्यामधलें अंतरच त्यानें नाहींसें केलें होतें. जी जवळीक पूर्वीं केवळ घरच्या माणसांत शक्य होती, ती आतां परक्या सभेंत शक्य झाली. पुढें फ्रँक सिनात्रानें मायक्रोफोन हेंच आपलें वाद्य मानलें, आणि तो केव्हां जवळ करावा व केव्हां दूर सारावा, याचा त्यानें वादकाप्रमाणें अभ्यास केला.

या जवळिकीला उपकरणाच्या रचनेचाहि आधार होता. हॅरी ऑल्सन यानें आर. सी. ए. कंपनीसाठीं १९३० नंतर जे मायक्रोफोन घडविले, त्यांत चुंबकाच्या दोन टोकांमध्यें ॲल्युमिनियमची अति पातळ फीत टांगलेली असे. ही फीत पुढचें आणि मागचें ऐके, बाजूचें ऐकत नसे. आणि गायक तिच्या अगदीं जवळ गेला कीं खालचे स्वर भरदार होत. परंतु फीत नाजूक. मोकळ्या वाऱ्याचा झोत तिला सोसत नसे. शिवाय पाठीमागून येणारा कर्ण्याचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्यें शिरे, तेथून पुन्हा कर्ण्यांत जाई, आणि या फेऱ्यांतून ती कानठळ्या बसविणारी शीळ निघे, जी प्रत्येक सभागृहाच्या ओळखीची आहे. या शिळेवर तोड काढली शिकागोच्या शुअर कंपनींतील बेंजामिन बाउअर या तरुण अभियंत्यानें. १९३९ सालीं बाजारांत आलेल्या युनिडाइन मायक्रोफोनमध्यें त्यानें एकाच पडद्याच्या मागें अशीं छिद्रें व अडथळे योजिले कीं, पाठीमागून येणारा आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंस एकाच वेळीं पोंचून आपणच आपल्याला छेदून टाकी. पुढचा आवाज मात्र शाबूत राही. ज्या दिशांनीं हा मायक्रोफोन ऐकतो त्यांचा नकाशा काढला, तर तो बदामाच्या किंवा हृदयाच्या आकाराचा दिसतो. म्हणून त्याला कार्डिऑइड म्हणतात. १९५९ सालीं एर्नी सीलर यानें हीच रचना लहान करून दांड्याच्या टोकांत बसविली, आणि १९६६ सालीं तिच्यावर जाळीचा गोल बसवून एस. एम. ५८ हा मायक्रोफोन निघाला. बिनतारी दांड्यांच्या टोकांशींहि त्याच वंशाचीं मुखें आज सर्रास दिसतात.

राहिली ती तार. मायक्रोफोन उभ्या दांडीवर होता तोंवर तारेचें ओझें कोणाला वाटलें नाहीं. गायकानें तो हातांत घेतला आणि चालावयास सुरुवात केली, तेव्हां तार पायांत येऊं लागली. पहिला प्रयत्न झाला तो बर्फावर. इंग्लंडांत ब्रायटन येथें १९४९ च्या सप्टेंबरमध्यें बर्फावर घसरत करावयाचें 'अल्लाउद्दिन'चें नाटक लागलें होतें. बर्फावरून वेगानें फिरणाऱ्या नटाला तार बांधणार कशी? रेग मूर्स यानें एक लहान प्रेषकयंत्र तयार करून तें जादुगाराचें काम करणाऱ्या नटाच्या पोशाखांत बसविलें, आणि तें उत्तम चाललें. परंतु ज्या लहरींवर तें चाले त्या वापरण्याची मूर्सला परवानगी नव्हती. म्हणून त्याला पेटंटहि घेतां आलें नाहीं. नाटकाच्या चालकांनीं पुढें तें यंत्र बाजूस ठेवलें, आणि पडद्यामागच्या गायकांनीं बोलावें व बर्फावरच्या नटांनीं नुसतें घसरावें, ही सोपी वाट धरली. फार वर्षांनीं मूर्सनें आपला मूळ नमुना लंडनच्या सायन्स म्यूझियमला दिला. आकाश कोणाचें, हा प्रश्न या पहिल्याच प्रयोगांत उभा राहिला होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण तो पुढें पुन्हा आला.

१९५३ सालीं शुअर कंपनीनें 'व्हॅगाबाँड' या नांवाचा बिनतारी संच विकावयास काढला. व्हॅगाबाँड म्हणजे भटक्या. पण या भटक्याचें रान सुमारें ७०० चौरस फुटांचें, म्हणजे जेमतेम ३० फूट व्यासाचें होतें. आंतील निर्वात नळ्या बहिऱ्यांच्या यंत्राच्या लहान बॅटऱ्यांवर चालत. १९५७-५८ सालीं जर्मनींत सेनहायझर कंपनीचा 'मिक्रोपोर्ट' हा संच पुढें आला. तो ३७ मेगाहर्ट्झवर चाले आणि त्याची पोंच सुमारें ९० मीटर सांगितली जाई. त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत सॅन होजे येथील कॉलेजांत रेमंड लिटके यानें हातांत धरावयाचा आणि गळ्यांत अडकवावयाचा, असे दोन प्रकार केले, आणि १९६४ सालीं त्याला पेटंट मिळालें. त्याच वर्षीं 'माय फेअर लेडी' हा चित्रपट निघाला. त्याचा नायक रेक्स हॅरिसन हा अर्धें गाणें, अर्धें बोलणें अशा ढंगानें पदें म्हणे आणि दोन वेळां एकसारखीं म्हणत नसे. त्यामुळें आधीं मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हालविणें त्याला जमेना. शेवटीं त्याच्या गळपट्ट्यांत बिनतारी मायक्रोफोन लपवून त्याचीं पदें चित्रणाच्या वेळींच मुद्रित करण्यांत आलीं. कलावंताला यंत्राच्या सोयीनें वागावयास लावण्याऐवजीं यंत्र कलावंताच्या लकबीला जुळवून घेतें, याचें हें सुंदर उदाहरण होय.

तरी वाद्यवृंदाच्या गायकाला अजून थांबावें लागणार होतें. कारण तीन अडचणी शिल्लक होत्या.

पहिली लांबीची. ३७ मेगाहर्ट्झची लहर सुमारें ८ मीटर लांब असते, आणि चांगलें एरियल लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकें, म्हणजे २ मीटर असावें लागतें. तें हातांतल्या दांड्यांत मावणार कसें? म्हणून कंपनसंख्या वाढवीत जावें लागलें. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी ५० सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा साडेबारा सेंटिमीटर. एवढें एरियल दांड्याच्या बुडांत सहज लपतें. यूएचएफ हीं अक्षरें जीं आज पेटीवर दिसतात, त्यांचें एक मोठें मर्म हें आहे.

दुसरी अडचण आवाजाच्या आवाक्याची. गायक एका क्षणीं पुटपुटतो आणि दुसऱ्या क्षणीं टाहो फोडतो. हा सगळा चढउतार अरुंद बिनतारी वाटेवरून जसाच्या तसा जाईना. पुटपुटणें खरखरींत बुडे आणि टाहो फाटून जाई. जॉन नेडी यानें १९७६ सालीं यावर जो उपाय योजिला, त्याला कंपँडर म्हणतात. पाठवितांना आवाजाचा चढउतार निम्म्यानें आवळावयाचा आणि घेतांना तो दुप्पट सैल करून पूर्ववत् करावयाचा. पेटींत घडी घालून नेलेलें लुगडें घरीं उलगडावें, त्यांतलीच ही युक्ति. पण घडीचा मोड जसा कापडावर दिसतो, तसा या आवळण्या-उलगडण्याचा किंचित् मोड तरबेज कानाला ऐकूं येई.

तिसरी अडचण मुकेपणाची. रंगमंचावरील लहर ग्राहकापर्यंत एकाच वाटेनें जात नाहीं. ती भिंतींवर, छतावर, लोखंडी खांबांवर आपटूनहि येते. सरळ आलेली आणि आपटून आलेली लहर एकमेकींच्या उलट पडल्या, तर दोघी मिळून शून्य होते आणि गायक ओळीच्या मध्यावर मुका होतो. एक पाऊल सरकला कीं आवाज परत! या खोडीवर उपाय म्हणून दोन एरियलें कांहीं अंतरावर ठेवावयाचीं आणि ज्याच्यावर लहर जोरकस असेल त्याचें ऐकावयाचें. दोन्ही ठिकाणीं एकाच क्षणीं शून्य येण्याचा संभव फार थोडा. डायव्हर्सिटी हा शब्द या दुहेरी पहाऱ्याचा आहे.

या अडचणी सुटत असतांना तारेबद्दलची तक्रार नुसत्या गैरसोयीची राहिली नव्हती. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा तरुण गिटारवादक लेस्ली हार्वी हा रंगमंचावर विजेच्या धक्क्यानें मरण पावला. भूमीशीं नीट न जोडलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. एका हातांत गिटारीची तार आणि ओठांशीं मायक्रोफोनची तार, अशा अवस्थेंत वीज कोठें चुकली तर ती माणसाच्या अंगांतून वाट काढते. बॅटरीवर चालणाऱ्या आणि तारेनें कशाशींहि न जोडलेल्या दांड्यांत ती वाटच उरत नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बिनतारी मायक्रोफोन मोठ्या जलशांत दिसूं लागले. १९७९ च्या दौऱ्यांत इंग्लंडच्या केट बुशनें तर हातहि मोकळे व्हावे म्हणून डोक्याला बांधावयाचा बिनतारी मायक्रोफोन वापरला. त्याचा पहिला सांगाडा कपडे टांगावयाच्या तारेच्या हँगरपासून केलेला होता.

पुढील काळांत हे संच स्वस्त होत गेले, आणि लग्नघरांपासून शाळांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सर्वत्र पोंचले. तेव्हां मूर्सच्या वेळचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. हे मायक्रोफोन राहत होते ते दूरदर्शनच्या वाहिन्यांमधल्या रिकाम्या जागांत. म्हणजे भाडेकरूहि नव्हे, पोटभाडेकरूसारखे. मोबाइल टेलिफोनला जागा अपुरी पडूं लागली तेव्हां सरकारांनीं ती लहरींची जागा मोकळी करून घेतली. अमेरिकेंत ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा १२ जून २०१० नंतर मायक्रोफोनला बंद झाला. वाद्यवृंदांनीं, नाट्यगृहांनीं आणि प्रार्थनामंदिरांनीं पदरमोड करून खालच्या पट्ट्याचे नवे संच घेतले. तों त्या पट्ट्याचाहि लिलांव २०१७ सालीं पुरा झाला, आणि १३ जुलै २०२० पर्यंत ६०० मेगाहर्ट्झवरील बहुतेक जागा त्यांना सोडावी लागली. यंत्र बिघडलें नव्हतें, आवाजांत खोट नव्हती. तरी तें वापरणें बेकायदा ठरलें. गळा गायकाचा, यंत्र गायकाचें, पण मधलें आकाश त्याचें नव्हे, ही गोष्ट दहा वर्षांत दोनदां पैसे मोजून अनेकांना शिकावी लागली.

जागा आकुंचित झाल्यामुळें दाटीवाटीनें राहण्याची कला शिकणें भाग पडलें. दोन मायक्रोफोन जवळ आले कीं त्यांच्या लहरींच्या मिश्रणांतून नव्या लहरी उपजतात. एक ६०० वर आणि दुसरा ६०१ वर असेल, तर ५९९ आणि ६०२ या ठिकाणीं त्यांचीं भुतें उठतात. तिसऱ्या गायकाला नेमकी तीच जागा दिली तर त्याचें गाणें बिघडतें. म्हणून समान अंतरावर जागा न वाटतां विषम अंतरावर वाटाव्या लागतात. डिजिटल पद्धतीनें या दाटींत बराच दिलासा दिला. तींत आवाजाचें रूपांतर आंकड्यांत होतें. त्यामुळें आवळण्या-उलगडण्याची गरज उरत नाहीं, आणि थोड्या जागेंत अधिक मायक्रोफोन मावतात. या रूपांतराला थोडा वेळ लागतो, साधारणपणें कांहीं सहस्रांश सेकंद. पण तीन सहस्रांश सेकंदांत हवेंतील आवाज सुमारें एक मीटर जातो. तेव्हां हा विलंब म्हणजे श्रोत्यानें एकदोन पावलें मागें सरकून बसण्यासारखाच आहे. कांहीं स्वस्त डिजिटल संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तेथें स्वतंत्र परवाना सहसा लागत नाहीं. पण घरोघरचें वायफाय त्याच गल्लींत राहतें, आणि श्रोत्यांनीं भरलेल्या सभागृहांत ती गल्ली फार गजबजते.

आतां दुकानांतील त्या शब्दांच्या राशीकडे पुन्हा वळावयास हरकत नाहीं. पहिली पसंती गायकाच्या गळ्याला शोभेल अशा मुखाला द्यावी. बिनतारीपणा हा नंतरचा गुण. गिटारी आणि ढोल जवळ असतील तर कार्डिऑइड, किंवा त्याहून अरुंद कानाचें मुख घ्यावें. मात्र कार्डिऑइड अगदीं पाठीमागचें ऐकत नाहीं, तर अरुंद मुखाचा बहिरेपणा पाठीच्या दोन्ही अंगांस तिरका असतो, म्हणून गायकासमोरील कर्णा कोठें ठेवावयाचा हें त्याप्रमाणें ठरवावें. मुखाची जाळी मुठींत धरण्याची ऐट बाउअरनें योजिलेलीं पाठीमागचीं छिद्रें बुजविते आणि शीळ परत बोलाविते. दांड्याचें बूड मुठींत घट्ट धरलें तर एरियल झांकलें जातें. ग्राहक दुहेरी एरियलाचा असावा, आणि त्याचीं एरियलें लोकांच्या डोक्यांहून उंच, गायकाला सरळ दिसतील अशीं असावींत. कारण माणसाचें शरीर लहरी गिळतें आणि गर्दी म्हणजे लहरींना एक भिंतच. आज एक गायक आहे, उद्यां तीन होतील, हें ध्यानांत घेऊन एकत्र किती मायक्रोफोन चालतील हें आधींच विचारावें.

सर्वांत महत्त्वाची चौकशी मात्र बहुतेकजण करीतच नाहींत. ती म्हणजे, हा संच ज्या लहरींवर चालतो त्या लहरी या देशांत आज कायदेशीर आहेत काय? हलक्या दरानें मिळणारा जुना संच पुष्कळदां बंद झालेल्या पट्ट्याचाच असतो. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांस जाणाऱ्या वाद्यवृंदांनीं तर हें विशेष पाहावें. एका देशांत चालणारा दांडा दुसऱ्या देशांत गुन्हा ठरूं शकतो.

इतकें सारें झाल्यावरहि अनुभवी वाद्यवृंद एक गोष्ट विसरत नाहीं. रंगमंचाच्या एका कडेला, तार नीट गुंडाळून, एक साधा तारेचा मायक्रोफोन तो तयार ठेवतो. बॅटरी संपली, आकाशांत कोणी मध्येंच बोललें, तरी गाणें थांबूं नये म्हणून. ही सावधगिरी बिनतारी विद्येची नालस्ती नव्हे; गाण्याबद्दलचा तो आदर आहे. सॅन डिएगोच्या क्रीडांगणांत जें साधन आवाज मोठा करण्यासाठीं आलें, तें कुजबूज पोंचविणारें झालें; आणि ज्या तारेनें ती कुजबूज वाहून नेली, तीच तार पुढें पायांतली बेडी वाटून सुटली. या सगळ्या प्रवासांत पडदा, फीत, लहरी आणि आंकडे बदलत गेले. बदललें नाहीं तें एवढेंच, कीं टोकाशीं कोणीतरी श्वास घेऊन गावें लागतें, आणि तो श्वास मोडूं न देतां श्रोत्यापर्यंत नेणें, एवढेंच त्या दांड्याचें काम असतें.